लोहाऱ्याचा दगड आणि खोपोलीची वीज

खोपोलीत उभं राहून घाटाकडे बघितलं की डोंगरावरून उतरणारे टाटांचे जाडजूड पाइप दिसतात. रोज बघून आपल्याला त्यांचं काही वाटेनासं झालंय. लोणावळा, वळवण, शिरवत्याच्या तलावांचं पाणी पाचशे मीटरहून जास्त खाली येतं आणि इथे वीज तयार होते. १९१५ साली ती मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. ज्यांनी हे स्वप्न पाहिलं, त्या जमशेटजी टाटांना जाऊन तेव्हा जवळपास अकरा वर्षं झाली होती.

त्यांचं दुसरं स्वप्न पोलादाचं. त्याची गोष्ट मात्र दगडापासून सुरू होते, आणि कर्जत-खालापूरमधून मेटलर्जी किंवा मिनरल प्रोसेसिंगला जायचं म्हणणाऱ्या मुलामुलींनी ती वाचायलाच हवी.

जन्म १८३९, नवसारीचा. शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात. १८७७ साली नागपुरात त्यांनी एम्प्रेस मिल सुरू केली, म्हणजे धंदा कापडाचा. पण १८८२ मध्ये एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल हाती पडला. चांदा जिल्ह्यात, लोहारा गावाजवळ उत्तम लोहखनिज आहे, असं त्यात होतं. वरोऱ्याचा कोळसाही तिथून फार लांब नाही. झालं, शेठजींच्या डोक्यात भट्टी पेटली!

आता गंमत बघा. दगडात लोखंड भरपूर आहे एवढ्यावर भागत नाही. सोबत सिलिका किती, फॉस्फरस किती, खनिजाचे कण एकमेकांत किती गुंतलेत, हे सगळं तपासावं लागतं. कोळशाचं तर आणखी कडक. राख जास्त निघाली किंवा त्याचा टणक कोक झाला नाही, तर भट्टीत तो कामाचा नाही. वरोऱ्याचा कोळसा तपासला आणि तो नापास झाला. वर खाणकामाचे सरकारी नियम जाचक. बेत बासनात गेला, तो थेट १८९९ मध्ये नियम सैल होईपर्यंत.

मग साठी ओलांडलेला हा माणूस अमेरिकेत गेला. पोलादाचे कारखाने पाहिले आणि चार्ल्स पेरिन या इंजिनीअरला गाठलं. पेरिनचे सहकारी वेल्ड इथे येऊन मुलगा दोराबजींसोबत चांद्याच्या रानात हिंडले. लोहाऱ्याचं खनिज चांगलं निघालं, पण कारखान्याला पुरेल इतकं नव्हतं. हताश दोराबजी नागपूरच्या संग्रहालयात शिरले, तिथल्या भूगर्भीय नकाशात त्यांना दुर्ग जिल्हा गडद रंगवलेला दिसला, असं सांगतात. धल्ली-राजहराचा डोंगर तो. खनिज अव्वल, पण जवळ पाणी नाही, योग्य कोळसा नाही.

तो भाग आधी तपासला होता प्रमथनाथ बोस यांनी. लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ माइन्समध्ये शिकलेला हा बंगाली भूवैज्ञानिक. १९०४ च्या फेब्रुवारीत त्यांनीच मयूरभंजमधल्या खनिजाबद्दल टाटांना पत्र पाठवलं. पुढे कारखाना त्याच खनिजावर उभा राहिला.

जमशेटजींना ते बघायला मिळालं नाही. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत ते वारले. कंपनी १९०७ मध्ये झाली, पोलाद निघालं १९१२ मध्ये. बंगळुरूची विज्ञान संस्थासुद्धा १९०९ ची. आणि धल्ली-राजहराचं ते खनिज? त्यावर पुढे भिलाईचा कारखाना चालला.