निकोला टेस्ला

निकोला टेस्ला (जन्म : १० जुलै १८५६, मृत्यू : ७ जानेवारी १९४३) हे सर्बियन वंशाचे अमेरिकन अभियंते व संशोधक होते. प्रत्यावर्ती विद्युत प्रवाहावरील कार्यामुळे त्यांचे नाव सर्वपरिचित आहे. बिनतारी दूरनियंत्रणाचेही ते आद्य प्रवर्तक होत. परक्याच्या संदेशाने यंत्र चालू नये यासाठी त्यांनी केलेले संशोधन मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिले.

जीवन

टेस्ला यांचा जन्म तत्कालीन ऑस्ट्रियन साम्राज्यातील (आता क्रोएशिया) स्मिल्यान या खेड्यात झाला. वडील ऑर्थोडॉक्स पंथाचे धर्मगुरू होते. ग्राझ येथील शिक्षण अपुरे सोडून ते पुढे १८८४ मध्ये न्यूयॉर्कला गेले व काही महिने एडिसन यांच्याकडे नोकरीस राहिले. १८८८ मध्ये त्यांच्या प्रत्यावर्ती प्रवाहाच्या मोटारीचे हक्क जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी घेतले.

दूरनियंत्रित नौका

१८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये टेस्ला यांनी विजेरीवर चालणारी एक छोटी नौका पाण्यात सोडली आणि कोणतीही तार न जोडता ती दुरून वळवून दाखविली. ८ नोव्हेंबर १८९८ रोजी तिला ६१३८०९ क्रमांकाचे पेटंट मिळाले. नौकेतील ग्राहकयंत्रात धातूचे कण भरलेली डबी होती. लहर येताच कणांतून वीज वाहू लागे आणि नियंत्रक चक्र एक टप्पा पुढे सरके. युद्धात स्फोटके वाहून नेण्यासाठी अशी नौका वापरता येईल, असे टेस्ला यांनी सुचविले होते. परंतु एकाच कंप्रतेवर चालणाऱ्या ग्राहकाला मालकाची लहर व शत्रूची लहर यांत भेद करता येत नाही. तशा स्थितीत शस्त्र उलटण्याचा धोका उघड होता.

सुरक्षित संकेतन

यावरील उपायासाठी टेस्ला यांनी १९०० मध्ये अर्ज केला. त्यातून १९०३ मध्ये ७२३१८८ व ७२५६०५ या क्रमांकांची दोन पेटंटे निघाली. त्यांत प्रेषक दोन किंवा अधिक भिन्न कंप्रतांच्या लहरी सोडतो. ग्राहकात प्रत्येक कंप्रतेसाठी स्वतंत्र मंडल असते, आणि सर्व मंडले प्रतिसाद देतील तेव्हाच यंत्र चालते. एखादी लहर योगायोगाने जुळली तरी काहीच घडत नाही. आकड्यांच्या कुलपाशी याचे साम्य आहे : एक आकडा वाढला की अंदाजाने कुलूप उघडणे कित्येक पटींनी अवघड होते. रेजिनाल्ड फेसेंडेन यांनीही या कल्पनेवर दावा सांगितला होता. पेटंट कार्यालयातील त्या वादाचा निकाल टेस्ला यांच्या बाजूने लागला.

या पद्धतीला मर्यादा होतीच. कंप्रतांचा मेळ ठरलेला असल्याने, तो एकदा ओळखणाऱ्यास यंत्र मोकळे होई. मोटारगाडीच्या आजच्या दूरनियंत्रक किल्लीतील संकेत प्रत्येक वेळी बदलतो, तो याच कारणासाठी. १९४२ मध्ये अभिनेत्री हेडी लामार व संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना पाणतीराच्या नियंत्रणासाठी कंप्रता सतत बदलत ठेवण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले.

अखेर

१९०१ मध्ये आरंभलेला वॉर्डनक्लिफ येथील बिनतारी मनोरा जे. पी. मॉर्गन यांनी अधिक पैसा नाकारल्याने अपुरा राहिला. टेस्ला यांची अखेरची वर्षे हॉटेलांच्या खोल्यांत व आर्थिक ओढाताणीत गेली. न्यूयॉर्कर हॉटेलमध्ये त्यांचे निधन झाले. १९६० मध्ये चुंबकीय प्रवाह घनतेच्या एककास त्यांचे नाव देण्यात आले.