दर्यावरचा सरखेल : कान्होजी आंग्रे

शहापूर-मुरबाडच्या डोंगरातून समुद्र काही दिसत नाही. पण नाणेघाट उतरून कल्याण बंदराकडे जाणारी जुनी वाट आपल्या मुरबाडचीच! त्याच कल्याणच्या खाडीत शिवरायांनी आरमाराचा पाया घातला आणि पुढे ते गाजवलं कान्होजी आंग्रे यांनी.

सुवर्णदुर्गावर ते पुढे आले. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी त्यांना शाहू महाराजांच्या बाजूला वळवलं आणि सरखेलपद त्यांच्याकडे कायम राहिलं. त्यांच्या दस्तकाशिवाय कोकण किनाऱ्यावरून जाणारं जहाज ते पकडायचे, म्हणून इंग्रजांनी त्यांना चाचा ठरवलं.

इंग्रजांची जहाजं मोठी, तोफा जास्त. मग कान्होजी जिंकायचे कसे? त्यांची गुराबं आणि गलबतं उथळ पाण्यातही चालायची. वारा पडला की शिडांची मोठी जहाजं जागीच अडकत. तेव्हा वल्ह्यांची गलबतं गुराबांना ओढत शत्रूच्या पिछाडीला नेत, कारण तिथे तोफा कमी!

इंग्रज विजयदुर्गावर आणि १७१८ मध्ये खांदेरी बेटावर चालून आले, हात हलवत परतले. १७२१ मध्ये कुलाब्यावर इंग्रज-पोर्तुगीज मिळून आले. बाजीराव मदतीला धावले आणि तोही बेत फसला.

४ जुलै १७२९ ला कान्होजी गेले. मग मुलांत भांडणं लागली, पेशव्यांशीही बिनसलं. १७५६ मध्ये पेशवे आणि इंग्रज एकत्र आले आणि विजयदुर्गाला तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळून खाक झालं. परक्यांना एकट्याने जे जमलं नाही, ते घरच्या भांडणाने झालं.