इंधनघटाचे जनक न्यायमूर्ती ग्रोव्ह

हायड्रोजनवर धावणाऱ्या मोटारीतील इंधनघटाचे मूळ शोधू गेल्यास ते एका वकिलापाशी पोहोचते. विल्यम रॉबर्ट ग्रोव्ह यांचा जन्म ११ जुलै १८११ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे झाला. ऑक्सफर्डमधील शिक्षणानंतर १८३५ मध्ये त्यांनी वकिलीची सनद घेतली. परंतु प्रकृती साथ देईना, तेव्हा व्यवसाय मागे पडला आणि विज्ञानाची ओढ पुढे आली.

१८३९ मध्ये त्यांनी जस्त व प्लॅटिनम वापरून प्रबळ विद्युतघट तयार केला. अमेरिकेतील आरंभीच्या तारयंत्रांना पुढे याच घटाने वीज पुरवली. विजेने पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजनमध्ये विघटन होते, हे तेव्हा ठाऊक होते. ही क्रिया उलट फिरवता येईल काय, या प्रश्नाचा ग्रोव्ह यांनी पाठपुरावा केला. विरल गंधकाम्लात उभ्या केलेल्या नळ्यांत हे दोन वायू आणि प्लॅटिनमच्या पट्ट्या ठेवून १८४२ मध्ये त्यांनी ५० घटांची वायू बॅटरी सिद्ध केली. तिच्या विजेने पाण्याचे विघटनही करून दाखवले. वायू, द्रव आणि धातू जेथे एकत्र येतात तेथेच क्रिया घडते, हे मर्म त्यांनी ओळखले. म्हणूनच पट्ट्यांवर प्लॅटिनमच्या सूक्ष्म कणांचा थर देऊन त्यांनी पृष्ठभाग वाढवला.

मात्र प्लॅटिनम महाग आणि वीज तुटपुंजी. शोध प्रयोगशाळेतच राहिला. लंडन इन्स्टिट्यूशनमधील प्राध्यापकपद १८४६ मध्ये सोडून, संसाराच्या गरजेपोटी ते वकिलीकडे परतले. १८५६ च्या गाजलेल्या पामर विषप्रयोग खटल्यात ते बचाव पक्षाच्या वकिलांपैकी एक होते. १८७१ मध्ये ते न्यायाधीश झाले. १ ऑगस्ट १८९६ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या बॅटरीला व्यवहारात स्थान नव्हते. ते मिळाले १९६५ मध्ये, जेमिनी अंतराळयानात.

प्लॅटिनमच्या किमतीचा पेच अद्याप सुटलेला नाही. प्लॅटिनम-निकेल मिश्रधातूचा एक विशिष्ट स्फटिकपृष्ठ ऑक्सिजनच्या क्रियेसाठी शुद्ध प्लॅटिनमच्या तशाच पृष्ठाहून सुमारे १० पट सक्रिय असल्याचे २००७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले. तेच फलक बाहेर राहतील असे अष्टफलकी नॅनोकण आता घडवले जातात. पण आम्लात निकेल विरघळते, कणांचा आकार ढळतो आणि त्यांची शक्ती ओसरते. थोड्या प्लॅटिनमकडून अधिक काम करून घेण्याचा ग्रोव्ह यांचा उद्योग असा आजही अपुराच आहे.