टाकळीच्या दगडात जुनं तळं पाहणारे हिस्लॉप

जरीपटका (नागपूर) : हिस्लॉप कॉलेजचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. पण ज्यांचं ते नाव, ते स्टीफन हिस्लॉप दगड, शंख अन् किडे पाहत रानोमाळ हिंडायचे, हे फार कमी लोकांना माहीत आहे.

८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमध्ये त्यांचा जन्म झाला. मिशनरी म्हणून १८४५ मध्ये ते नागपुरात आले अन् पुढच्याच वर्षी शाळा काढली. धर्मप्रचारासाठी गावोगाव फिरायचे, पण नजर पायाखालच्या जमिनीवर. १८५१ मध्ये सोबती रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांना आजच्या जरीपटक्यापासून जवळच, टाकळीच्या माळावर, गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख सापडले. तेही खडकात! पुढे फळं, बिया, भुंगेऱ्यांचे पंखही मिळाले. लाव्हा थंड झाल्यावर इथं तळी साचली, झाडं उगवली. मग पुन्हा लाव्हा आला अन् सगळं गाडलं गेलं. ही गोष्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची.

गोंड समाजाची माणसं, बोली अन् गाणीही त्यांनी टिपून ठेवली. ती टिपणं त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये छापली गेली.

४ सप्टेंबर १८६३. टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहायला ते गेले होते. रात्री परतीच्या वाटेवर नाल्याला पूर आला. घोडा एकटाच तळावर पोहोचला. हिस्लॉप बुडाले होते, वय अवघं ४५.

विहीर खोदताना काळ्या दगडांच्या मधे मऊ, फिकट थर लागला, तर फेकण्याआधी एकदा निरखून पाहा. त्यात एखादा शंख असू शकतो.