कुमारी लॉरा ब्रिजमन : एका मुलीच्या प्रगतीची हकीकत

हेलन केलर हें नांव आमच्या शाळेंतील बहुतेक मुलांच्या परिचयाचें आहे. परंतु हेलनच्या पूर्वीं सुमारें पन्नास वर्षें तिच्यासारखीच आंधळी व बहिरी अशी एक मुलगी वाचावयास, लिहावयास व बोटांनीं बोलावयास शिकली होती, आणि तिची हकीकत एका आईच्या वाचनांत आली म्हणूनच हेलनच्या शिक्षणाची वाट मोकळी झाली, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. त्या पहिल्या मुलीचें चरित्र विद्यार्थ्यांनीं तर वाचावेंच, पण त्यांच्या आईबापांनींही वाचावें, अशा हेतूनें तें येथें थोडक्यांत दिलें आहे.

लॉरा ब्रिजमन हिचा जन्म २१ डिसेंबर १८२९ रोजीं अमेरिकेंतील न्यू हॅम्पशायर प्रांतांत, हॅनोव्हर या गांवीं, एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. बापाचें नांव डॅनियल व आईचें हार्मनी. मुलगी दोन वर्षांची होते न होते तोंच घरांत स्कार्लेट फीव्हर या भयंकर सांथीच्या तापानें प्रवेश केला. लॉराच्या दोन वडील बहिणी त्यांत दगावल्या. लॉरा वांचली, परंतु तिची दृष्टि गेली, कान गेले, आणि वास व चव हींही जवळजवळ नाहींशीं झालीं. नुकतेच फुटूं लागलेले बोबडे शब्द ती विसरून गेली. बाहेरच्या जगाकडे उघडणारीं दारें एकामागून एक बंद झालीं आणि स्पर्शाची एक लहानशी खिडकी तेवढी उघडी राहिली.

शेतकऱ्याच्या घरांत कामाला अंत नसतो. आई घरभर वावरे आणि लॉरा तिचा पदर धरावा तसा झगा धरून तिच्या मागें फिरे. आई जें जें करी तें तें ती आईच्या हातांवरून हात फिरवून समजून घेई. अशा रीतीनें ती थोडेंसें शिवावयास व विणावयासही शिकली. घरच्या माणसांनीं तिच्यासाठीं कांहीं खुणा ठरविल्या होत्या. डोक्यावर थोपटलें म्हणजे शाबासकी, पाठीवर थोपटलें म्हणजे नापसंति; ढकललें म्हणजे जा, ओढलें म्हणजे ये. बापास ताकीद द्यावयाची झाल्यास तो जमिनीवर जोरानें पाय आपटी व तो हादरा तिला जाणवे. शेजारीं आसा टेनी नांवाचा एक वृद्ध गृहस्थ होता. गांव त्याला भोळसट समजे. परंतु तो या मुलीला हातीं धरून रानांत व ओढ्याकाठीं फिरवी, आणि तिच्यांत कांहीं उणें आहे असें त्यास कधीं वाटलेंच नाहीं. शहाण्या लोकांना जें साधलें नाहीं तें त्या भोळ्या माणसाच्या मायेला साधलें.

आईबापांनीं ही मुलगी माजघरांत दडवून ठेविली नाहीं, हें तिचें मोठें भाग्य होय. गांवांतील डार्टमथ कॉलेजच्या वैद्यकशाखेचे डॉक्टर मसी यांनीं तिची माहिती लिहून काढिली व ती बोस्टन येथील अंधशाळेचे मुख्य डॉक्टर सॅम्युएल ग्रिड्ले हाउ यांच्या दृष्टीस पडली. हाउ स्वतः हॅनोव्हरला गेले व त्यांनीं मुलीची मागणी केली. ज्या मुलीला आपण कोठें चाललों व कां चाललों हें सांगतां येत नाहीं, तिला परक्यांच्या हातीं देणें म्हणजे काय, याची कल्पना आईनेंच करावी. तरीही आईबापांनीं होकार दिला, आणि १८३७ च्या आक्टोबर महिन्यांत, आठ वर्षें पुरीं होण्याच्या आंत, लॉरा बोस्टनला आली.

डॉक्टर हाउ यांनीं चमचा, सुरी, किल्ली अशा नेहमींच्या वस्तूंवर त्यांच्या नांवांच्या उठावाच्या अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटविल्या. लॉरा त्या चांचपून पाही. मग सुट्या चिठ्ठ्या तिच्या हातीं दिल्या; ती किल्लीची चिठ्ठी किल्लीवर व चमच्याची चमच्यावर ठेवूं लागली. पुढें शब्दांचीं अक्षरें वेगळीं करून दिलीं. तींही ती जुळवूं लागली. परंतु हें सारें नकलेचें काम होतें. पढविलेल्या जनावराहून त्यांत अधिक अर्थ नव्हता, आणि हाउ यांनीं ही गोष्ट लपविली नाहीं. कित्येक आठवडे धीरानें पाठ चालूं होता. मग एकाएकीं तिच्या मनांत प्रकाश पडला. आपल्या मनांतील वस्तूची खूण आपण स्वतः करूं शकतों व ती दुसऱ्याच्या मनास दाखवूं शकतों, हें तिला उमगलें आणि तिचा चेहराच पालटला. त्यानंतर धातूचे खिळे फळीवर जुळवून शब्द करणें, व मग मिस ड्र्यू या शिक्षिकेच्या साह्यानें तळहातावर बोटांनीं अक्षरें काढणें, अशा पायऱ्या ती झपाट्यानें चढली.

लॉरा बोस्टनला आल्यावर सुमारें सहा महिन्यांनीं तिची आई भेटीस आली. लेकरानें तिचे हात, तिचे कपडे चांचपले आणि अनोळखी बाई समजून तें दूर सरलें! आईच्या मनाची त्या वेळीं काय अवस्था झाली असेल! तिनें घरीं लॉरा घालीत असे ती मण्यांची माळ पुढें केली. माळ लॉरानें आनंदानें गळ्यांत घातली. ती घरून आली एवढें तिला कळलें. पण आई कांहीं ओळखूं येईना. घरची आणखी एक वस्तु हातीं दिल्यावर तिनें त्या बाईस पुन्हां लक्षपूर्वक चांचपलें. तिचा चेहरा पांढरा फटक पडला, मग एकदम फुलला, आणि तिनें आईच्या गळ्याला मिठी मारली. त्यापुढें खेळणीं दिलीं तरी तिनें त्यांस हात लाविला नाहीं. निरोपाच्या वेळीं ती दारापर्यंत गेली. एका हातानें आईला व दुसऱ्या हातानें शाळेच्या मेट्रनबाईस धरून क्षणभर उभी राहिली. मग आईचा हात सोडून मेट्रनबाईच्या कुशींत शिरून स्फुंदूं लागली.

हाउ दर वर्षीं शाळेच्या अहवालांत लॉराच्या प्रगतीची तपशीलवार हकीकत देत. हे अहवाल देशोदेशीं वाचले गेले. प्रसिद्ध इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यानें १८४२ च्या जानेवारींत लॉराची भेट घेतली व त्याच वर्षीं निघालेल्या अमेरिकेच्या प्रवासवर्णनांत तिची गोष्ट दिली. हाउ यांनीं पुढें १८४८ त मंदबुद्धि मुलांसाठींही शाळा उघडली; जीं शिकूंच शकणार नाहींत असें लोक म्हणत, त्यांजविषयीं त्यांना वाटणारी आशा लॉरानें बळकट केली होती.

तथापि लॉरा कांहीं चमत्कार नव्हती. ती माणूस होती. ती कधीं रागावे, कधीं हट्ट करी. हाउ यांच्या सर्वच आशा तिनें पुऱ्या केल्या नाहींत. १८५० त शिक्षण संपवून ती घरीं परतली. परंतु बोटांनीं बोलणारें माणूस तेथें क्वचितच भेटे. त्या एकांतानें तिची प्रकृति ढांसळली व तिला पुन्हां बोस्टनला आणावें लागलें. तेथेंच शिवणकाम व जाळीचें विणकाम करीत तिनें उरलेलें आयुष्य घालविलें, आणि २४ मे १८८९ रोजीं ती मरण पावली.

आतां या हकीकतीचा पुढला भाग ऐका. अलाबामा प्रांतांतील टस्कंबिया गांवीं १८८० त जन्मलेली हेलन केलर एकोणीस महिन्यांची असतां दुखण्यानें आंधळी व बहिरी झाली. तिच्या आईनें डिकन्सचें तें जुनें पुस्तक वाचलें होतें. तेथें लॉराची गोष्ट होती, आणि तेवढाच काय तो आशेचा धागा. हाउ तर १८७६ तच वारले होते. त्यांची पद्धति त्यांच्याबरोबरच गेली असावी, अशी आईस धास्ती वाटे. तरी आईबापांनीं तो धागा सोडला नाहीं. १८८६ त हेलनला घेऊन बाप बाल्टिमोरच्या नेत्रवैद्याकडे गेला. त्यानें अलेक्झांडर ग्रॅहाम बेल यांजकडे पाठविलें. बेल यांनीं बोस्टनच्या त्याच शाळेस लिहिण्याचा सल्ला दिला. तेथून अ‍ॅन सुलिव्हन ही तरुण शिक्षिका निवडली गेली. ती लॉराच्याच सहवासांत राहिली होती व बोटांची भाषा तिच्याशीं बोलत असे. निघण्यापूर्वीं तिनें हाउ यांचे जुने अहवाल बारकाईनें वाचून काढिले. ३ मार्च १८८७ रोजीं ती टस्कंबियास पोंचली, तेव्हां तिच्या सामानांत शाळेंतील आंधळ्या मुलींनीं पाठविलेली एक बाहुली होती. त्या बाहुलीचे कपडे लॉरानें शिवले होते.

अशा मुलाचें पहिलें पाऊल, पहिला शब्द, पहिली ओळख या गोष्टी आईबाप पुष्कळदां घरांतच ठेवितात. लोक काय म्हणतील याची लाज वाटते, किंवा इतरांच्या मुलांपुढें आपल्या मुलाची प्रगति फार थोडी भासते. कांहीं जण उलट ती फुगवून सांगतात. पुढें वर्तमानपत्रांनीं हेलनविषयीं अतिशयोक्ति चालविली, तेव्हां सुलिव्हनबाईंस मनस्वी संताप आला. कारण खोट्या आशेवर दुसरें घर उभारतां येत नाहीं. परंतु चांचपडत जुळविलेल्या चार अक्षरांची खरी हकीकत कोणी सरळपणें लिहून ठेविली, तर ती पन्नास वर्षांनीं, हजारों कोस दूर, एखाद्या आईच्या हातीं पडते. आपल्या वर्गांत किंवा शेजारीं असें मूल असेल, तर विद्यार्थ्यांनीं आसा टेनीप्रमाणें त्याचा हात धरावा. आणि ज्यांच्या घरीं असें मूल असेल, त्यांनीं त्याची लहानशी प्रगतिही, आहे तेवढीच, दुसऱ्या आईबापांस अवश्य सांगावी.