बाबासाहेब, भद्रावती आणि समुद्रातली वीज

डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटलं की आपल्याला आधी संविधान आठवतं. मला भद्रावतीत त्यांचं आणखी एक काम दिसतं, ते म्हणजे विजेचं नियोजन.

त्यांचा जन्म 14 एप्रिल 1891 चा, महूचा. कोलंबिया आणि लंडनमध्ये ते अर्थशास्त्र शिकले. जुलै 1942 मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं त्यांच्याकडे आलं. वीज आणि पाटबंधारेही याच खात्यात होते.

त्यांचा हिशोब सरळ होता. सगळे शेतीवरच राहिले तर गरिबी हटणार नाही. त्यासाठी कारखाने हवेत आणि कारखान्यांना भरपूर, स्वस्त वीज हवी. ऑक्टोबर 1943 मध्ये विजेच्या धोरण समितीपुढे त्यांनी मालकी कोणाची, केंद्राची जबाबदारी किती, हे प्रश्न याच कसोटीवर मांडले. पुढच्याच वर्षी केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभं राहिलं. काम काय? वीज कुठे तयार होऊ शकते ते मोजायचं, मागणी बघायची, मग योजना आखायची. दामोदर खोऱ्यात पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज एकत्र आणणाऱ्या प्रकल्पाचा पायाही त्यांच्याच काळात घातला गेला.

16 ऑक्टोबर 1956 ला ते चंद्रपूरला धम्मदीक्षा सोहळ्यासाठी आले. त्याच वर्षी 6 डिसेंबरला त्यांचं निधन झालं.

1990 च्या दशकात भद्रावतीला 1000 मेगावॅटचं एचव्हीडीसी केंद्र आलं. तेव्हा पश्चिम आणि दक्षिण ग्रिडची फ्रिक्वेन्सी जुळत नव्हती, म्हणून तारा थेट जोडता येत नव्हत्या. इथे एका बाजूची एसी वीज डीसी होते आणि त्याच आवारात पुन्हा एसी होऊन दुसऱ्या ग्रिडमध्ये जाते.

आता गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात पवनचक्क्या उभारायची तयारी आहे. तिथेही क्रम तोच: आधी वारा मोजा, समुद्राची खोली बघा, मागणी काढा, किनाऱ्यापर्यंतची केबल आणि पुढचं ग्रिड ठरवा. नुसती पाती फिरून भागत नाही.

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात कोळसा आहे. धूर आम्ही सोसतो, वीज राज्यभर जाते. म्हणून समुद्रातल्या विजेबद्दलही मी बाबासाहेबांचाच प्रश्न विचारतो: ती गरिबाच्या घरात परवडेल का?