रायगडाचा शिल्पकार : आधी पाणी, मग महाल

तुडील, दासगाव, रायगड ही सारी एकाच महाड तालुक्यातली नावे. रायगड म्हटले की राज्याभिषेक आठवतो. तो गड उभारणारे हिरोजी इंदुलकर मात्र एका पायरीपुरते उरतात.

१६६४ साली मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले. त्या उभारणीशीही हिरोजींचे नाव जोडले जाते. चहूकडे खारे पाणी, पण आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी! पुढे शिवरायांनी रायरीचा डोंगर राजधानीसाठी निवडला आणि हिरोजींनी त्यावर नगर वसवले. दगड काढलेल्या खाणींचेच तलाव झाले. १६७४ साली तिथेच राज्याभिषेक झाला.

जगदीश्वर मंदिराच्या शिलालेखात गडाचे वर्णन आहे. त्यात आधी येतात विहिरी आणि तळी. हत्तीशाळा, राजवाडे नंतर. हिरोजींच्या सेवेची नोंद पायरीवर आहे, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायाखाली. दगड फोडणाऱ्या, वाहणाऱ्या कष्टकऱ्यांना तर तेवढीही जागा मिळाली नाही.

याच तालुक्यात अडीचशे वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, चवदार तळ्याच्या ओंजळभर पाण्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. पाणी होते, माणुसकी नव्हती! म्हणून गडावर जाणाऱ्या आपल्या तरुणांनी सिंहासनाच्या जागेबरोबर तिथले तलावही पाहावेत. तळे बांधून राज्य उभे राहते. ते सर्वांना खुले झाले तरच ते राज्य रयतेचे होते.